टीव्हीवरचं गोणपाट

आमच्या गल्लीतल्या पोरांनी टीव्हीवर काय पाहावं आणि काय पाहू नये, हे काही काळ एक गोणपाट ठरवत असे.

राजापेठेतल्या एका दुमजली घराच्या पुढच्या खोलीत, जाड पाठीच्या जुन्या टीव्हीवर ते पांघरलेलं असायचं. इतरांच्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, प्लॅस्टिकची फुलं, गावच्या जत्रेतून आणलेली मूर्ती. यांच्या टीव्हीवर ज्वारीच्या पोत्याचा कापलेला तुकडा. त्याच्या एका कोपऱ्यावर कुठल्याशा अडत्याचा निळा शिक्का होता आणि त्याला जुन्या धान्याचा वास यायचा. खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस विचारायचा, "टीव्ही बिघडला का जी?" त्यावर घरमालक सांगायचे, "नाई. उगवून राहिला."

या घरमालकांना सगळी गल्ली आबाजी म्हणायची, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी गेली. कंपनीची पिशवी यायची, पिशवीवर हिरवंगार शेत आणि हसणारा शेतकरी छापलेला असायचा, आणि आबाजी आतलं बी भिजवून त्या शेतकऱ्याला खोटं पाडायचे. निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला आले, पण तपासणी काही सुटली नाही. हातात येईल ती वस्तू ते आधी नाकाला लावत. वर्तमानपत्राचा वास घेत, रिमोटचा घेत, पोस्टातून आलेल्या लग्नपत्रिकेचा घेत. सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर काहीतरी असायचं, तूर नाहीतर मूग. एकदा धुवायला भिजवून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात मुगाला मोड आले. त्यांनी ते मोड मोजले, "बरा आहे," म्हणाले आणि मगच सदरा धुऊ दिला.

गोणपाटाची रीत वऱ्हाडात कोणालाही विचारा. पेरणीच्या आधी बियाण्यातले मूठभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवस त्याकडे बघायचं नाही. मग उलगडून पाहायचं. उगवले तर पेरायचं, नाही तर दुकानदाराच्या दारात नेऊन टाकायचं. आबाजी याला आणखी एक गोष्ट जोडत. शेतात चाचणी घ्यायची तर एक वाफा कोरा ठेवला पाहिजे, त्यात काहीच पेरायचं नाही. "कोऱ्या वाफ्यात जे निंगते ते आधीपासून मातीत होतं," ते म्हणत. "त्याचं श्रेय बियाण्याले देऊ नोका." हे वाक्य मी तेव्हा कितीदा तरी ऐकलं आणि कितीदा तरी मान डोलावली.

टीव्हीवर गोणपाट आलं ते त्यांच्या नातीमुळे.

मनू दुसरीत होती. तिचे आईवडील अकोल्याला, दोघंही नोकरीत. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत ती बंद घरात एकटी, सोबतीला टीव्ही. वर्षभर असं चाललं, आणि मग तिच्या बाईंनी घरी कळवलं की पोरगी स्वतःचं काही बोलतच नाही. भूक लागली का विचारलं तर ती एका हातावर टेकून उठायची, दुसरा हात वर करायची आणि कार्टूनमधल्या डब केलेल्या हिंदीत म्हणायची, "अब तेरा खेल खत्म, दुष्ट!" वर्गात एका मुलीचं बोट दारात सापडलं, तेव्हा मनूने तिच्याकडे पाहून "क्या होगा हमारे नायक का?" असं विचारलं. बाई घाबरल्या. आईवडील त्यांच्याहून घाबरले. तिच्या वडिलांनी, म्हणजे प्रशांतभाऊंनी, तिला उचलून अमरावतीला आणून सोडलं आणि आबाजींना बजावलं, "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून राहिलो. टीव्हीचं बटन दाबाचं नाई. मले समजलं की टीव्ही लागला, तं त्याच दिवशी पोरीले घेऊन जाईन."

आबाजींनी मान डोलावली. मनूची आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या दुमजली घरात बोलणारं कोणीच नव्हतं. मनूचं राहणं त्यांना हवं होतं. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण मनू आली त्या दिवसापासून त्यांनी वरच्या मजल्याचे दिवे लावायला सुरुवात केली.

पहिला आठवडा त्यांनी टीव्ही बंद ठेवला. मनू शाळेतून यायची, बंद टीव्हीसमोर बसायची आणि त्या काळ्या काचेकडे बघत राक्षस, नायक आणि जाहिरातीतली आई, सगळ्यांचं एकटीच बोलायची. आबाजींनी हे पाहिलं, चष्मा पुसला आणि ठरवलं. "बी आत गेलेलं आहे. आता वरून माती लोटून काय फायदा? उगवू द्या आणि पाहा काय आहे ते."

त्यांनी बटन दाबलं. मुलाला दिलेला शब्द त्यांनी मोडला, आणि याबद्दल त्यांना जरासुद्धा वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. अर्धा तास दोघं शेजारी बसून कार्टून बघायचे. कार्टून संपलं की टीव्ही बंद, वरून गोणपाट. त्यानंतर त्यावर एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गोणपाट काढायच्या आधी प्रश्न यायचा.

"काल काय उगवलं?"

मनू हात वर करायची. "अब तेरा खेल खत्म, दुष्ट!"

"हे त्याचं झालं. तुह्यं सांग."

मनूचा हात पुन्हा वर जायचा. मग आबाजी गोणपाट काढायचे, पुन्हा अर्धा तास, पुन्हा गोणपाट. ते रागावत नसत, समजावत नसत. गोष्टीचं तात्पर्य सांगायची त्यांना घृणा होती. "तात्पर्य म्हंजे दुकानदारानं सांगितलेली उगवण," ते म्हणत.

पण लवकरच त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. एका दाण्यावर उगवण काढत नसतात. त्यांनी गल्लीभर निरोप धाडला की कोणालाही आपलं पोरगं संध्याकाळी पाठवता येईल. गल्लीतल्या आयांना वाटलं, फुकटात अर्धा तास पोर सांभाळलं जाणार. दारात गर्दी झाली. आबाजींनी दारातच अडवलं.

"पोट्ट्याबरोबर माय नाईतं बाप पाह्यजे. एकट्याले आत घेत नाई."

"काहून जी? आमाले स्वयंपाक असते."

"पेरणाऱ्यानं बांधावर उभं राहून चालत नाई बाई. तुमीच पेरलं, तुमीच बसा."

कुरकुर झाली. तरी बायका आल्या, मेथी निवडायला घेऊन आल्या, तूर पाखडायला घेऊन आल्या. बाप आले आणि भिंतीला टेकून झोपले. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न मोठ्यांनाही असायचा. एका रिक्षावाल्या काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मले काई उगवलं नाई आबाजी, मी घोरून राहिलो होतो." आबाजी म्हणाले, "चालते. पडीक वावरबी लागते."

गल्लीत सगळ्या जातींची घरं होती आणि खोलीत सतरंजी एकच होती. एका घरातून निरोप आला की आमच्या पोरांना वेगळं काही बसायला मिळेल का. आबाजींनी निरोप ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सतरंजीच उचलून माळ्यावर टाकली. सगळे फरशीवर. "एकाच वाफ्यात लावा लागते," ते म्हणाले, "नाईतं तपासणी खोटी." निरोप पाठवणाऱ्या घरातली आजी महिनाभर आली नाही. मग फरशी थंड लागते अशी तक्रार करत आली आणि माझ्या आईच्या शेजारी बसून तिने पाव किलो मेथी निवडली.

निकाल विचित्र लागायचे. देवादिकांची एक मालिका पास होणार याची सगळ्या मोठ्यांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी पोरांमध्ये फक्त झाऱ्याने मारामारी उगवली, त्यामुळे ती मालिका नापास. कुस्त्यांचा कार्यक्रम आयांना नको होता, तो पास झाला, कारण पडलेल्या माणसाला उठवायला कोणीच कसं येत नाही यावर पोरं शाळेत जाईपर्यंत भांडत होती. हवामानाच्या बातम्या तर पहिल्या वर्गात पास. सगळ्यात मोठा गोंधळ साबणाच्या जाहिरातीचा. ती अर्ध्या मिनिटाची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोराला, प्रत्येक आईला आणि झोपलेल्या रिक्षावाल्या काकांनाही तोंडपाठ. बायकांना वाटलं, आबाजी खूश होतील. आबाजींचा चेहरा पडला.

"सगळ्यात चांगलं कोण उगवते, मालूम आहे काय? तण. त्याले पेरा लागत नाई, पाणी द्या लागत नाई. आता बसा निंदत-खुरपत."

आणि त्यांनी प्रत्येकाला तो साबण घरातून आणायला लावून त्याचा वास घ्यायला लावला. जाहिरातीत गुलाबांची बाग होती. एका पोराने सांगितलं, "आबाजी, हे तं फिनाइलवानी येते." आबाजींनी त्या दिवशी त्याला खिशातले मूग दिले.

मी या खोलीत शत्रू म्हणून शिरले.

मी नववीत होते. आमच्या घरात टीव्ही नव्हता, आणि तो नाही हे आम्ही छाती काढून सांगायचो. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. रविवारी ते पुस्तिका आणि पत्रकं घेऊन बसत, आणि मी बोलायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. टीव्हीबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. "छापलेल्या कागदाच्या बाजूला पेनानं 'खोटं' असं लिहिता येते. त्या खोक्याच्या बाजूला कुठी लिहिशील?" त्यामुळे आमच्या गल्लीत एक म्हातारा पोराबाळांना गोळा करून रोज टीव्ही दाखवतो हे कळल्यावर माझं कर्तव्य उघड होतं. मी पत्रक लिहिलं: 'खोक्यापासून सावधान!' झेरॉक्सवाल्याकडे पांढरा कागद संपला होता, म्हणून ते गुलाबी कागदावर निघालं. मी ते आबाजींच्या दारात उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिलं.

एक त्यांनाही दिलं. त्यांनी वास घेतला. मग आत जाऊन पोरांना शांत केलं, टीव्ही न लावता माझं पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं, टीव्हीवर ठेवलं आणि वरून गोणपाट टाकलं. मला म्हणाले, "पत्रकवाली, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी गेले. आबाजींनी विचारलं, "काल काय उगवलं?" पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एक पोरगा म्हणाला, "गुलाबी होतं."

"आणखी?"

"ताई लय जोरात बोलत होती."

आबाजींनी माझ्याकडे वळून निकाल सांगितला, जसा ते कंपनीच्या माणसाला सांगत असतील. "रंग उगवला. मजकूर शून्य. वाईट मानू नोको, नवीन वाण आहे." मी पेटलेच. शोषक, भांडवल, मेंदूंची गुलामगिरी, जे जे येत होतं ते सगळं मी त्यांना उभ्याउभ्या ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या घरी टीव्ही नाई म्हणतं? कधीच नव्हता?" मी म्हटलं, कधीच नव्हता आणि कधीच येणार नाही. ते एवढे आनंदले की मी गोंधळले. त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी उंबरठ्याजवळ पाट टाकला, रस्त्याकडे तोंड करून. "इथं बसत जाय रोज. टीव्हीकडे पाठ करून. पाहाचं नाई."

मला वाटलं, हा सन्मान आहे. खोलीत माझ्या तत्त्वांना जागा दिली गेली आहे. नियमाप्रमाणे आईही मेथी घेऊन सोबत यायची, आणि मी रोज जाऊन टीव्हीकडे पाठ करून ताठ बसायचे. रस्त्यावरून क्लासला जाणारी पोरं सायकली थांबवून बघायची, आणि मी त्यांच्याकडे हुतात्म्याच्या नजरेने बघायचे. दुसऱ्या दिवशी आबाजी मलाही विचारत, "काल काय उगवलं?" आणि मी व्यवस्थेबद्दल बोलायचे. ते लक्ष देऊन ऐकत, इतकं की तसं माझं कोणीच ऐकत नसे.

पण कान बंद ठेवता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला मागे काय चाललंय ते कळू लागलं. मग मी मान वळवली. मग खांदा वळवला. मग पाट जरा तिरपा झाला. थंडी सुरू झाली तेव्हा मी उंबरठ्यावर पाठ टेकून पूर्ण आत तोंड करून बसले होते आणि कुस्तीतल्या पंचाच्या पक्षपातावर रिक्षावाल्या काकांशी भांडत होते. आबाजी एकदा माझ्या पाटाकडे बघून काहीतरी बोलणार होते. पण त्याच वेळी मनूने तोंड उघडलं, आणि मग ते राहूनच गेलं.

बातम्यांमधली चर्चा चालू होती. आठ चौकटींत आठ माणसं एकमेकांवर ओरडत होती. मनूने बराच वेळ पाहिलं, आणि हात वर न करता, तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात विचारलं, "आबाजी, ह्यायच्या घरी कोणीच नसन काय?"

मेथी निवडणारे हात थांबले. आबाजी चष्मा पुसायला लागले. पुसत राहिले. "काहून वं तुले असं वाटते?"

"घरी कोणी असतं तं ह्यायनं त्यायले सांगितलं असतं ना."

त्या दिवशी गोणपाट टाकताना आबाजींचा हात जरा हळू चालला. आता ही पोरगी बोलायला लागणार आणि आपल्याजवळच राहणार, असं त्यांना वाटलं असावं. आम्हाला सगळ्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात क्लासवाले सर आले. राजापेठेत यांचा क्लास होता, आणि संध्याकाळची पोरं इकडे वळत असल्यामुळे ते चिडलेले होते. आपल्या पोराला घेऊन स्वतः बसले, हाताची घडी घालून. दुसऱ्या दिवशी आबाजींनी सरांना विचारलं, "काल काय उगवलं?" सरांनी काल पाहिलेल्या प्राण्यांच्या कार्यक्रमाचे पाच मुद्दे आणि एक सारांश सांगितला. आबाजी म्हणाले, "हे त्याचं झालं. तुमचं सांगा." सरांनी पुन्हा सारांश सांगितला. त्यांचा स्वतःचा पोरगा म्हणाला, "पप्पा, पास नाई होऊन राहिले तुमी." खोली हसली. सर उठले. त्यांचा एक विद्यार्थी अकोल्यात प्रशांतभाऊंच्या बँकेत होता.

रविवारी प्रशांतभाऊ आले. चपला न काढताच दारात उभे राहिले. खोलीत टीव्ही चालू, फरशीवर अर्धी गल्ली, मध्ये मनू.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," आबाजी म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

"मंग?"

माझ्या आईने मध्ये तोंड घातलं. "भाऊ, आधी ऐका तं खरं. पोरगी बोलून राहिली आता. सुधारली तुमची पोरगी."

"हो जी," रिक्षावाले काका म्हणाले, "परवा मलेच म्हणे, काका तुमी झोपाले येता."

प्रशांतभाऊ वाईट माणूस नव्हते. ते वडिलांच्या समोर उकिडवे बसले. "बाबा, आयुष्यभर लोकायच्या थैल्या नापास केल्या तुमी. कोणाचं ऐकलं नाई. आता तुमच्याच तपासणीचं सांगा. पास आहे काय? तुमी पास म्हणा, मी पोरीले इथंच ठेवून परत जातो. माह्या बापानं खोटं सर्टिफिकेट कधी देल्लं नाई, हे मले मालूम आहे."

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. एक शब्द लागत होता. मनू आबाजींच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती. मी पत्रकांवर वाढलेली, खोट्याशी माझं जन्माचं वैर. त्या क्षणी मात्र मला वाटत होतं, म्हणा हो आबाजी, पास म्हणा.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या पाटाकडे.

"नापास," ते म्हणाले.

"काहून?" हे मी विचारलं, प्रशांतभाऊंनी नाही.

"कोरा वाफा पेरल्या गेला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे पोरगी. हिच्या घरी टीव्ही नाई. हिले मी पाठ करून बसवलं होतं. बाकीच्यायमंधी जे उगवते ते हिच्यातबी उगवते काय, ते पाहाचं होतं. पण हे वळली. मले दिसलं, मी रोकलं नाई. आता मनू सुधारली ते टीव्ही सोबत बसून पाह्यला म्हणून, का प्रश्न इचारला म्हणून, का ह्या पोट्ट्यायची संगत भेटली म्हणून, का नुसती मोठी झाली म्हणून, मले सांगता येत नाई. सांगता येत नाई त्याले पास म्हणत नसतात."

प्रशांतभाऊंनाही हे उत्तर नको होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण वडिलांनी निकाल दिला होता आणि स्वतः त्यांनी अट घातली होती, आणि त्या घरात दोन्ही पाळायची सवय होती. मनूची पिशवी भरली गेली. जाताना ती रडली नाही. रस्त्यावरून तिने वळून विचारलं, "उद्या कोण इचारन?" आणि रिक्षा कोपऱ्यावरून वळली.

मी दुहेरी पेटले होते. एक तर त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. दुसरं, मी इतके दिवस कोणाच्या तरी प्रयोगातली रिकामी जागा होते. त्या आठवड्यात मी आयुष्यातलं दुसरं पत्रक काढलं: 'मी कोणाचा वाफा नाही!' कागद या वेळी पांढरा. माणसाला माती समजणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचा त्यात निषेध होता. सगळ्यात जाड गठ्ठा मी आबाजींच्या खोलीत नेऊन आपटला. त्यांनी वास घेतला आणि गठ्ठा खिडकीत ठेवला.

टीव्हीवरचं गोणपाट मात्र त्यांनी काढलं नाही. पोरं यायची, बसायची, वाट बघायची. "हंगाम गेला," आबाजी म्हणायचे. पोरं परत जायची. वरच्या मजल्याचे दिवे पुन्हा लागेनासे झाले. मी तरीही रोज जायचे, निषेध म्हणून, आणि पाटावर बसायचे. आम्ही दोघं त्या झाकलेल्या टीव्हीकडे बघत बसायचो. खिशातले मूग ते मला देत नसत. मीही मागत नसे.

संक्रांत झाली. एका दुपारी प्रशांतभाऊ पुन्हा दारात उभे. एकटेच. या वेळी चपला काढल्या. पाणी प्यायले. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, ते गोणपाट पाह्यजे होतं."

"कायले?"

"टीव्हीवर टाकाले. टॉवेल टाकून पाह्यला. म्हणते, हे चालत नाई. बजारातून नवं पोतं आणलं. वास घेतला आणि म्हणते, ह्याच्यात काई नव्हतं कधी. तेच पाह्यजे म्हणते."

आबाजींनी टीव्हीवरच्या गोणपाटाकडे पाहिलं.

"त्याच्याशिवाय टीव्ही लावू देत नाई, बाबा. मॅचसुद्धा. आमी दोघंबी सोबत बसलो पाह्यजे. मोबाइल हातात दिसला तं स्वतः उठून बंद करते टीव्ही. आन् सकाळी ब्रश करून राहिलो की मांगं येऊन उभी." प्रशांतभाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मले रोज नापास करते."

"काय म्हणते?"

"'बाबा, हे त्याचं झालं. तुमचं सांगा.' काय सांगू? मले तं काई उगवतच नाई."

"उगवन हळूहळू. वावर पडीक होतं." आबाजींनी खिशात हात घातला, दाणे चाळवले. मग रस्त्याकडे बघत, दुसऱ्याच कशाबद्दल विचारावं तसं विचारलं, "बोलते, म्हंजे कोणच्या भाषेत बोलते?"

"आपल्याच," प्रशांतभाऊ म्हणाले. "लय बोलते. चूप बस म्हणा लागते."

"नोको म्हणू."

आबाजी उठले. टीव्हीवरून गोणपाट काढलं, अंगणात नेऊन झटकलं, चारी कोपरे जुळवून घडी केली आणि वास घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग खिशातले मूग घडीच्या आत टाकून ते मुलाच्या हातात दिलं. "तिले म्हण, रोप लागलं की वाफ्यातून काढून दुसरीकडे लावा लागते. तिथंच ठेवलं तं दाटते." प्रशांतभाऊंनी घडी छातीशी धरली. अकोल्याच्या बसमध्ये एक बँकेतला माणूस पोत्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसला असेल, हे मला अजून डोळ्यांपुढे आणता येतं.

ते गेल्यावर टीव्ही उघडा पडला. काळी काच, त्यात खिडकी, पाट आणि आम्ही. आबाजींना ते बघवेना. त्यांनी खोलीभर शोधलं. रुमाल हाताला लागला, तो खाली ठेवला. शेवटी खिडकीतला माझ्या पत्रकांचा गठ्ठा उचलला, एकेक कागद काढून टीव्हीवर पसरला, पुढे, मागे, बाजूंनी, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवला. काचेच्या मधोमध माझा मथळा लोंबत होता.

"झाकाले बरं आहे," ते म्हणाले.

मला वाटत होतं, माझ्या विचारांचं जगातलं स्थान आता निश्चित झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दार उघडं टाकलं. गल्लीत बातमी गेली, पोरं धावत आली, मागून मेथी आली, तूर आली, रिक्षावाले काका आले. सगळे फरशीवर. पोरं कागदाने मढवलेल्या टीव्हीकडे बघायला लागली. 'गुलाबी होतं' म्हणणारा पोरगा अगदी पुढे बसला होता. आबाजींनी कागदांकडे बोट करून त्याला विचारलं, "हे वाचलं होतं काय रे कोणी?"

पोरगा उभा राहिला. हाताच्या मुठी आवळल्या आणि माझं पत्रक पहिल्या शब्दापासून म्हणायला लागला. मी कोणाचा वाफा नाही. माझ्यात काय पेरायचं ते मी ठरवीन. प्रत्येक उद्गारचिन्हाला त्याचा आवाज चढत होता. बाकीची पोरं त्याच्या सुरात सूर मिसळायला लागली. बायकांच्या हातातली मेथी थांबली. रिक्षावाले काका जागे झाले. माझ्या आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतरही माझा एवढा मजकूर कोणी पाठ केलेला नाही. माझा चेहरा पेटला, आणि मी आबाजींकडे पाहिलं, की आता द्या निकाल.

आबाजींनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मग ते त्या पोराकडे जरा वाकले.

"हे तिचं झालं," ते म्हणाले. "तुह्यं सांग."